कुंपणापलीकडची फुलं

१४ एप्रिल २००८, सोमवार

इंग्लंडची माणसं आज आली. मला वाटलं होतं ट्रक भरून येतील, तर दोघंच. फिलिपा नावाची दिग्दर्शक आणि तिचा कॅमेरावाला गॅरेथ, जो आवाजाचं यंत्रही सांभाळतो आणि जेवताना टोपी काढत नाही. आईने बर्फ घातलेला गोड चहा पुढे केला, तर फिलिपाने अगदी अदबीने विचारलं, "गरम मिळेल का?" आई स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानाशी म्हणते, "मिसिसिपीत, एप्रिलात, गरम चहा! ताप आलाय का बघ तिला."

ही वही फिलिपानेच दिली. डॅडी चांगल्या दिवशी काय बोलतात ते टिपून ठेवायला सांगितलंय. पण वही माझ्या हातात आहे म्हटल्यावर मी माझंही लिहिणार. ती काही वाचायला मागणार नाही, आणि मागितली तरी देणार नाही.

तीस वर्षं मी टपाल कचेरीच्या खिडकीत बसून तिकिटं विकली. दर चार-आठ दिवसांनी कुणीतरी विचारायचंच, "हॉलिस प्रुइट वारले ना हो?" नाही वारले. घरी बसून ताकात कॉर्नब्रेड कुस्करून खातायत, असं मी सांगायची. एके काळी या माणसाने पियानोवर उभं राहून गायलं की पोरी बेशुद्ध पडायच्या. आज त्र्याहत्तर वर्षांचे आहेत आणि डॉक्टर म्हणतात की आठवणी एकेक करून जाणार. त्या सगळ्या जाण्याआधी ही फिल्म व्हावी. लोकांनी त्यांना एकदा तरी नीट बघावं. दुसरं काही मला नकोय.

१७ एप्रिल, गुरुवार

पहिली मुलाखत. डॅडींनी निळा कोट घातला, केसांना तेल लावलं आणि काय बोलले म्हणून सांगू! १९५६ साली मेम्फिसच्या स्टुडिओतल्या पियानोची कुठली पट्टी अडकायची, तेसुद्धा आठवलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी जेवायला काय होतं ते सांगितलं. फिलिपा माझ्याकडे बघून हसत होती. मला वाटलं, डॉक्टरला बोलावून दाखवावं.

मग तिने आर्व्हलमामाबद्दल विचारलं.

आर्व्हल स्टॅम्प्स, माझ्या आईचा पाठचा नाही, वरचा भाऊ. डॅडींच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. 'शनिवारची ल्युएला' हे गाणं दोघांनी मिळून लिहिलं आणि त्यावर देश नाचला. ऑक्टोबर १९५८ मध्ये, मी जेमतेम एक वर्षाची असताना, कोरिंथ गावातला कार्यक्रम संपवून तो कॅलिफोर्नियाला निघून गेला. डॅडींनीच त्याला बस थांब्यावर सोडलं. त्यानंतर ना पत्र, ना फोन. आई पन्नास वर्षं वाट बघतेय. घरचा फोन नंबर तिने आजवर बदलू दिलेला नाही.

"आर्व्हल त्या दिवशी तुम्हाला काय म्हणाला?" फिलिपाने विचारलं.

डॅडींचा चेहरा कोरा झाला. "कोण?" म्हणाले. मग ताक मागितलं. मग माझ्याकडे बोट करून, "ही बाई पगारी आहे का?" असं विचारलं. मुलाखत तिथेच थांबवावी लागली. काय दुष्ट आजार आहे हा! पियानोची पट्टी ठेवतो आणि सख्खा मित्र घेऊन जातो.

२२ एप्रिल, मंगळवार

ही फिल्मवाली माणसं एक चमत्कारिक गोष्ट करतात. बोलणं संपलं की सगळ्यांनी एक मिनिट आपापल्या जागी गप्प बसायचं आणि गॅरेथ खोलीची शांतता टिपून घेतो. पुढे जोडकामाला लागते म्हणे. आई म्हणाली, "शांतता न्यायला समुद्र ओलांडून आलात होय! न्या, इथे भरपूर आहे."

आज त्या मिनिटात डॅडी पुटपुटले. मला शब्द कळले नाहीत, पण कॉलरला माइक होता आणि गॅरेथच्या कानात यंत्र होतं. त्याने एकदम मान वर केली आणि मिनिट संपल्यावरही तो तसाच बघत राहिला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, 'उन्हाळा आला रे. आता गार नाही लागणार.'"

"आमच्या बिस्किटशी बोलत असतील," मी म्हटलं. कुत्रं त्यांच्या पायाशीच झोपलं होतं.

"असतील," गॅरेथ म्हणाला. नंतर ती दोघं अंगणात उभी राहून बराच वेळ बोलत होती. मी काचेतून बघितलं तेव्हा फिलिपाने हात हलवून मला हसून दाखवलं.

२६ एप्रिल, शनिवार

फिलिपाशी वाजलं.

आईने हौसेने आर्व्हलमामाची वही कॅमेऱ्यासमोर काढली. तो जाण्याआधी काही दिवस तिच्याकडे ठेवून गेला होता. त्यात एका पानावर 'काळ्या नदीकाठी' पूर्ण लिहिलेलं आहे, त्याच्या हाताने, खाली तारीख घालून: सप्टेंबर १९५८. फिलिपाने पिशवीतून रेकॉर्ड काढली. डॅडींचं सगळ्यात मोठं गाणं तेच, जानेवारी १९५९ चं. रेकॉर्डवर गीतकार म्हणून एकच नाव आहे, हॉलिस प्रुइट.

"नॅडीन, तुम्हाला हे कधी खटकलं नाही?" तिने आईला विचारलं.

आई चष्मा पुसत बसली. "हॉलिस म्हणाला, आर्व्हलने जाताना त्याला देऊन टाकलं," ती म्हणाली. "आर्व्हलचा स्वभावच तसा. अंगावरचा शर्टसुद्धा काढून द्यायचा."

मी फिलिपाला बाहेर नेऊन चांगलं सुनावलं. म्हटलं, त्या काळी कुणाचं गाणं कुणाच्या नावावर जायचं याला धरबंध नव्हता. तुम्हाला बोट दिलं तर तुम्ही मनगट धरताय. ती शांतपणे म्हणाली, "व्हर्लीन, मीही हीच गाणी ऐकत वाढले. माझ्या वडिलांनी त्यांचा फोटो देव्हाऱ्यातल्यासारखा ठेवला होता. मला यात काही सापडायला नको आहे."

काय सापडायला नको आहे, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आता वाटतंय. आत आले तर डॅडी रेडिओशी चाळा करत होते आणि 'काळ्या नदीकाठी' गुणगुणत होते. दुसऱ्या कडव्यावर अडले आणि तिथूनच पुन्हा पुन्हा सुरू करत राहिले.

४ मे, रविवार

डॅडी उत्तम आहेत. सकाळी माझं नाव घेऊन हाक मारली.

पुढच्या रविवारी शॅडी ग्रोव्ह चर्चमध्ये डेकोरेशन. फिलिपाला सांगावं लागलं: दर मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आपापल्या माणसांच्या कबरी साफ करायच्या, फुलं ठेवायची आणि तिथेच झाडांखाली लांब टेबलांवर सगळ्यांनी मिळून जेवायचं. आपल्या माणसाजवळ बसून चार घास खायचे, एवढं साधं आहे. तिला ते फार आवडलं आणि चित्रण करू का म्हणाली. मला हायसं वाटलं. रेकॉर्डी उकरण्यापेक्षा फुलं बरी.

डॅडींना स्वतःचा वाढदिवस आठवत नाही, पण हा रविवार पक्का. रोज उठून विचारतात, "किती दिवस राहिले?" अंगणातले आयरिस तेच तोडणार, दुकानातली प्लास्टिकची फुलं चालत नाहीत. दर वर्षी जेवण झालं की ते एकटेच कुंपणाच्या मागच्या बाजूला सिगारेट ओढायला जातात. सिगारेट सुटून अठरा वर्षं झाली, तरी जातात. आई म्हणते, पुरुषांना सवय लागते ती धुराची नसते, पळ काढण्याची असते.

आर्व्हलमामाची कबर नाही, हे सांगायला नकोच. आजी, म्हणजे आईची आई, गेली तेव्हा डॅडींनी सुचवलं होतं की तिच्या शेजारी त्याच्या नावाचा एक दगड उभा करू. आईने ताडकन सांगितलं, "मेलेल्या माणसाला दगड लागतो." त्या वर्षी ती डॅडींशी महिनाभर धड बोलली नाही.

११ मे, रविवार

घडलं तसं लिहिते. नाहीतर उद्या मीच वेगळं आठवायला लागेन.

सगळं नेहमीसारखं होतं. दीडशे-दोनशे माणसं, पांढऱ्या चादरींचे टेबलक्लॉथ, उकडलेल्या अंड्यांच्या भरलेल्या वाट्यांचे नऊ ट्रे, कारण दर बाईला वाटतं आपलीच चांगली होतात. डॅडींनी प्रुइट ओळीत आपल्या आईवडिलांना फुलं ठेवली. आई स्टॅम्प्स ओळीत आजीची कबर झाडत होती. त्या ओळीच्या पायथ्याशीच कुंपण आहे आणि पलीकडे सीडरचं मोठं झाड. गॅरेथचा कॅमेरा चालू होता.

पाद्री जेवणाआधीची प्रार्थना म्हणणार एवढ्यात डॅडी उठले. हातात उरलेले आयरिस. जेवणानंतर जायचं ते प्रार्थनेआधीच निघाले, आणि आडून-मागून नाही, सगळ्यांच्या मधून. जाताना टेबलावरची एक ताटली घेतली आणि तिच्यावर चिकनचा तुकडा आणि दोन बिस्किटं ठेवली. फाटक उघडून पलीकडे गेले, सीडरखाली गुडघे टेकले, हाताने पालापाचोळा बाजूला केला आणि फुलं ठेवली. आडवी नाही, एका टोकाला, उशाशी ठेवतात तशी. मग मांडी घालून बसले आणि जेवायला लागले.

पाद्री थांबले होते. दोनशे माणसं थांबली होती. तिथे कुणी पुरलेलं नाही हे आमच्याकडच्या पोरालासुद्धा माहीत आहे.

मी निघाले तर आई माझ्या आधी पोचली होती. हातात झाडू तसाच. कुंपणाच्या अलीकडून तिने विचारलं, "हॉलिस, ही कुणाला रे फुलं?"

डॅडींनी तिच्याकडे अगदी प्रेमाने बघितलं. घास गिळला. "आर्व्हलला," ते म्हणाले. "दर वर्षी आणतो. त्याला दुसरं कोण आहे?"

आईच्या हातून झाडू पडला नाही. लोक नंतर सांगतील पडला म्हणून, पण नाही पडला. तिने तो कुंपणाला टेकवून ठेवला, फाटकातून पलीकडे गेली, फुलांकडे बघितलं, मग वळून आजीच्या कबरीकडे बघितलं. दोन्हींमध्ये सहा पावलं आहेत.  मी डॅडींना उठवून गाडीत बसवलं आणि मागून कुणीतरी प्रार्थना सुरू केली.

आज मदर्स डेसुद्धा होता. मी आणलेली चॉकलेटं डिकीतच वितळली.

१२ मे, सोमवार

गावातल्या कुणीतरी शेरीफच्या कचेरीत कळवलं. फिलिपाने नाही, तिने शपथ घेऊन सांगितलं आणि माझा विश्वास आहे.

आई काल संध्याकाळपासून पाहुण्यांच्या खोलीत आहे. जेवायला बाहेर येते, डॅडींचं ताट वाढते, त्यांची औषधं देते. पण ते खोलीत आले की ती उठते. बावन्न वर्षांचा संसार आणि कालपासून एक शब्द नाही.

मी तिला म्हटलं, "आई, त्यांच्या डोक्यात गुंता झालाय. तुझ्या मनातला मामा, आजीची कबर, सगळं एकत्र झालंय त्यांचं. मागच्या महिन्यात नाही का म्हणाले, राज्यपाल न्हाणीघरात लपलाय?"

"राज्यपालाशेजारी बसून ते जेवले नव्हते," आई म्हणाली.

१३ मे, मंगळवार

डेप्युटी लमार स्क्रग्ज आला. शाळेत माझ्या दोन इयत्ता मागे होता. हॅट काढून व्हरांड्यातच उभा राहिला. आत या म्हटलं तर म्हणाला, "बूट चिखलाचे आहेत, मिस व्हर्लीन." बूट स्वच्छ होते.

त्याचं म्हणणं सरळ होतं. चर्चची जमीन खणायची तर न्यायाधीशाचा हुकूम लागतो. न्यायाधीश विचारणार, म्हातारा शुद्धीत बोलला की भ्रमात? त्यांची कायदेशीर काळजीवाहू मी. डॉक्टर पंधरा दिवसांतून एकदा बघतो, मी रोज. "तुम्ही सांगाल तेच मी लिहीन. भ्रमात म्हणालात तर फाइल बंद. माझी आई त्यांच्या गाण्यावर नाचत वाढली, मिस व्हर्लीन. मला हे नको आहे."

हल्ली कुणालाच काही नको आहे.

मी सांगितलं, त्यांना काही कळत नाही. मला ओळखत नाहीत, कुत्र्याशी बोलतात, काल काय जेवले ते आठवत नाही. भराभरा सांगितलं. लमारने लिहून घेतलं, मी सही केली. तो इतका मोकळा झाला की जाताना अंगणातल्या टोमॅटोंची चौकशी करून गेला.

डॅडी व्हरांड्याच्या टोकाला आरामखुर्चीत होते. डोळे मिटलेले, मला वाटलं झोपलेत. गाडी वळणापलीकडे गेली आणि ते डोळे न उघडता म्हणाले, "शाब्बास, व्हर्लीन. बरोबर ठेक्यावर आलीस."

मी विचारलं, "काय म्हणालात?"

"तुझ्या मामाला ठेका कधी साधला नाही. तो त्या रात्री गप्प बसला असता तर..." एवढं बोलून त्यांनी हात हलवला, माशी उडवतात तसा.

आत स्वयंपाकघरात आई भांडी घासत होती, नळ चालू होता. तो बंद झाला. खिडकी उघडीच होती.

१४ मे, बुधवार

 मी ही वही पहिल्यापासून वाचून काढली. कुठल्या दिवशी डॅडी चांगले आणि कुठल्या दिवशी हरवलेले, सगळं माझ्याच अक्षरात आहे. ते हरवतात तो कुठला प्रश्न विचारल्यावर, तेही आहे. तीस वर्षं मी पाकीट हातात घेऊन आत काय आहे ते सांगायची, त्याचा मला केवढा गर्व होता.

आजार खोटा नाही, हे मला ठाऊक आहे. परवा त्यांनी बूट फ्रिजमध्ये ठेवले होते. फुलं न्यायचं त्यांच्या लक्षात राहिलं, ती लपवून न्यायची असतात एवढंच विसरले. म्हणजे आजवर ते आठवणीने लपवत होते. मी लहान असताना त्यांच्या खांद्यावर बसून त्या कबरस्तानात फिरले आहे. त्यांनी मला पियानोच्या बाकावर शेजारी बसवून काळ्या पट्ट्या शिकवल्या. तो माणूसही खोटा नव्हता. कुठला कापून टाकू?

फिलिपा म्हणते, तुम्ही म्हणाल तर सीडरखालचं सगळं चित्रण तुमच्या हवाली करते, जाळून टाका. मी विचारलं, आईच्या डोळ्यांनी बघितलं ते कसं जाळू?

आईला वाट बघायची सवय आहे. तिने पन्नास वर्षं एका माणसाची वाट बघितली आणि तो सहा पावलांवर होता. आता ती माझी बघतेय. ती मला काही विचारणार नाही, एवढं मी तिला ओळखते.

१५ मे, गुरुवार

सकाळी आठला लमारला फोन केला. म्हटलं, परवा मी चुकीचं सांगितलं. ते शुद्धीत असतात. माझ्याशी शुद्धीत बोलले.

 मग म्हणाला, "मिस व्हर्लीन, चहा घ्या, दुपारपर्यंत विचार करा. तुमचे वडील आहेत ते."

"आणि ती माझी आई आहे," मी म्हटलं. "लिहून घे."

आईला सांगायला खोलीत गेले तर पलंग आवरलेला, खोली रिकामी. ती बाहेर गाडीत बसली होती, पुढच्या सीटवर, रविवारची टोपी आणि हातमोजे घालून. केव्हापासून कोण जाणे. काचेवर दव तसंच होतं.

"आई, लमार न्यायाधीशांकडे जातोय. माणसं घेऊन दुपारी चर्चपाशी येईल."

"बरं," ती म्हणाली. समोरच बघत होती. "तू फोन केला नसतास तरी मी गेले असते. कुदळ मागे ठेवलीय. पण मग परत या घरात आले नसते, व्हर्लीन. तुझ्याकडेही नाही."

रागाने नाही बोलली. भाजीत मीठ किती ते सांगावं तशी बोलली. मला उभ्या उभ्या रडू आलं. तिने काच खाली करून रुमाल दिला आणि म्हणाली, "हॉलिसला तयार कर. मागे बसव."

डॅडी पलंगाच्या कडेला बसले होते. मी पांढरा शर्ट काढला. त्यांनी विचारलं, "त्या पोलिसाला तू काय सांगितलंस?" आवाज स्वच्छ होता. रेकॉर्डवर असायचा तसा.

"खरं सांगितलं, डॅडी. तुम्ही शुद्धीत आहात असं सांगितलं."

ते माझ्याकडे बघत राहिले.  मग हळूहळू त्यांचा चेहरा सैल झाला, डोळ्यांतलं ओळखीचं काहीतरी मागे गेलं आणि ते लहान मुलासारखं म्हणाले, "तू कोण गं?"

मी त्या चेहऱ्यात खूप शोधलं. त्यांनी दार लावून घेतलं होतं की ते खरंच आत नव्हते, हे मला आता कधीच कळणार नाही.

"व्हर्लीन," मी म्हटलं. "तुमची मुलगी. हात पुढे करा." आणि त्यांचा हात धरून शर्टाच्या बाहीत घातला.